ट्यूब संपली, चट्टे परत आले

‘क्रीम लावतो तोवर बरं असतं, बंद केली की महिन्याभरात पुन्हा तिथेच येतं. मग लावायची तरी कशाला?’

सोरायसिस असलेल्या माणसाच्या तोंडी हा प्रश्न कधी ना कधी येतोच. त्यात वैताग असतो, थोडी शंकाही असते. डॉक्टरांनी दिलेलं औषध फक्त ‘वरवरचं’ आहे, खरं औषध दुसरीकडे कुठेतरी आहे आणि ते आपल्याला कुणी सांगत नाही, अशी ती शंका. मग शोध सुरू होतो. कुणी वैदू, कुणी पुडीवाला, कुणी ‘सात दिवसांत मुळापासून बरा’ अशी पाटी लावलेला. पैसे जातात, कधी कधी कातडीही जाते.

प्रश्न मात्र चुकीचा नाही. त्याचं सरळ उत्तर द्यायचं तर आधी तो चट्टा काय आहे हे पाहावं लागेल, मग क्रीम नेमकं काय करते हे, आणि मग ती किती, कुठे, किती दिवस लावायची हे. बहुतेकांची गाडी अडते ती या शेवटच्या टप्प्यावर. औषध बरोबर असतं, मापच चुकलेलं असतं.

१. चट्ट्यात काय चाललेलं असतं?

त्वचेचा सगळ्यात वरचा थर सतत नवा होत असतो. तळाशी नव्या पेशी तयार होतात, हळूहळू वर सरकतात, वाटेत चपट्या आणि टणक होतात, आणि साधारण महिन्याभराने मरून गळून पडतात. त्या इतक्या बारीक असतात की आपल्याला त्यांचा पत्ताही लागत नाही. सोरायसिसमध्ये हाच महिन्याचा प्रवास काही दिवसांत उरकला जातो. आठवडासुद्धा लागत नाही.

वीटभट्टीवर मुकादमाने घाई लावली आणि विटा पुऱ्या भाजायच्या आतच बाहेर काढल्या, तर काय होईल? आवारात कच्च्या विटांचे थर लागतील, एकीला दुसरी चिकटलेली, आणि हात लावला की भुगा. कोपरावर, गुडघ्यावर, डोक्यात दिसणारे चांदीसारखे पापुद्रे म्हणजे हा कच्चा माल. भट्टीत दोष नसतो, माती चांगली असते. घाईचा हुकूम चुकीचा असतो.

हा हुकूम देतात शरीराच्या संरक्षक पांढऱ्या पेशी, त्यातल्या ज्यांना टी-पेशी म्हणतात त्या. त्यांचं काम जंतूंशी लढायचं. इथे जंतू नसताना त्या लढाई पुकारतात आणि रासायनिक निरोप सोडतात. इंटरल्युकिन-१७ हा त्यातला एक महत्त्वाचा निरोप. तो पोचला की त्या जागेच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, त्वचा गरम आणि जाड होते, पेशी भराभर वाढतात. गोऱ्या कातडीवर हा चट्टा लालभडक दिसतो. आपल्या सावळ्या कातडीवर तो तपकिरी, जांभळट किंवा राखाडीही दिसतो, त्यामुळे परदेशी पुस्तकातले फोटो पाहून ‘माझं तर असं नाही’ असं ठरवू नये.

जंतूच नाहीत, म्हणून संसर्गही नाही. एकाच ताटात जेवा, एकच टॉवेल वापरा, लग्न करा, लेकराला कडेवर घ्या, सोरायसिस दुसऱ्याला लागत नाही. हे वारंवार सांगावं लागतं, कारण युरोपातसुद्धा शतकानुशतकं या माणसांना महारोगी समजून दूर ठेवलं गेलं. १८४१ साली व्हिएन्नाच्या फर्डिनांड फॉन हेब्रा यांनी हे दोन आजार स्पष्टपणे वेगळे केले. २०१४ साली जागतिक आरोग्य संघटनेने सोरायसिसवर ठराव केला आणि त्यात या रुग्णांना सोसाव्या लागणाऱ्या सामाजिक अवहेलनेची दखल घेतली.

आता पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर. चट्टा निवळून कातडी पूर्ववत झाली तरी काही टी-पेशी त्या जागीच मुक्काम ठोकून राहतात. त्यांना जुनी लढाई आठवते. म्हणून आजार परततो तो बहुधा त्याच कोपरावर, त्याच गुडघ्यावर. क्रीम या पेशींना गप्प बसवते, तिथून हाकलून देत नाही. आणि जिथे क्रीम लावलेलीच नाही तिथे नवा चट्टा येणार की नाही, यावर तिचा काही अधिकार चालत नाही.

म्हणजे ती वरवरची आहे? हो, शब्दशः. पण रक्तदाबाची गोळीही रक्तदाब ‘मुळापासून’ काढत नाही, आणि म्हणून कुणी ती फेकून देत नाही.

२. स्टेरॉइड: कशासाठी, कुठलं?

सोरायसिसच्या बहुतेक चिठ्ठ्यांवर पहिलं नाव स्टेरॉइड मलमाचं असतं. स्टेरॉइड म्हटलं की पालकांना जिममधली मुलं आठवतात. ती वेगळी जात. ही औषधं आपल्याच मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीत तयार होणाऱ्या कॉर्टिसॉलची भावंडं आहेत. ती पेशीत शिरतात, दाह वाढवणाऱ्या निरोपांचं उत्पादन कमी करतात, रुंदावलेल्या रक्तवाहिन्या आकुंचित करतात आणि पेशींच्या वाढीचा वेग उतरवतात. घाईचा हुकूम, त्या जागेपुरता, मागे घेतला जातो. कातडीवर लावलेलं हायड्रोकॉर्टिसोन उपयोगी पडतं हे १९५२ साली अमेरिकेत दिसलं, आणि त्यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत त्याहून कितीतरी तिखट औषधं आली.

तिखटपणा मोजायची युक्ती गमतीची आहे. निरोगी माणसाच्या हातावर औषध लावायचं आणि कातडी किती पांढुरकी पडते ते पाहायचं. रक्तवाहिन्या जितक्या आवळल्या जातात तितकी कातडी फिकट, आणि तितकं औषध जोरदार. या कसोटीवर स्टेरॉइड मलमांच्या सौम्य ते अतितीव्र अशा पायऱ्या लावल्या गेल्या.

इथे एक सापळा आहे. ट्यूबवर हायड्रोकॉर्टिसोन १ टक्का असं लिहिलेलं असतं आणि दुसरीवर क्लोबेटासॉल ०.०५ टक्के. साध्या हिशेबाने पहिली वीसपट कडक वाटते. प्रत्यक्षात उलट आहे. हायड्रोकॉर्टिसोन सगळ्यात सौम्य पायरीवर आहे आणि क्लोबेटासॉल सगळ्यात वरच्या. टक्का फक्त एवढंच सांगतो की शंभर ग्रॅम मलमात औषध किती ग्रॅम आहे. ते औषध किती जोरकस आहे हे नावावरून कळतं. ‘कमी टक्क्याची दिली, म्हणजे हलकीच असणार’ असं समजून क्लोबेटासॉल चेहऱ्याला लावणारी माणसं त्वचारोगतज्ज्ञांकडे नेहमी येतात.

तेच औषध क्रीममध्ये आहे की ऑइंटमेंटमध्ये, यानेही फरक पडतो. ऑइंटमेंट म्हणजे चिकट, तेलकट मलम. ते कातडीवर झाकणासारखं बसतं, आतला ओलावा अडवतं आणि औषध जास्त आत पोचवतं. जाड, कोरड्या, भेगाळलेल्या चट्ट्याला ते चांगलं. क्रीममध्ये पाणी असतं, ती जिरते, कपड्यांना कमी चिकटते, म्हणून ऑफिसला जाणारे ती पसंत करतात. डोक्यासाठी लोशन किंवा फोम. मला विचाराल तर सगळ्यात चांगला प्रकार तो, जो माणूस रोज खरोखर लावेल. रात्री ऑइंटमेंट आणि सकाळी क्रीम अशी तडजोड करायला डॉक्टर सहसा तयार असतात, फक्त विचारावं लागतं.

३. एक पेर

‘पातळ थर लावा’ असं चिठ्ठीवर लिहिलेलं असतं. पातळ म्हणजे किती? कुणी मटारच्या दाण्याएवढं घेऊन अख्ख्या पायाला पुरवतो, कुणी पोळीला तूप लावावं तसं थापतो. ब्रिटनमध्ये कार्डिफच्या लाँग आणि फिनले या डॉक्टरांनी १९९१ साली यावर जे माप सुचवलं ते आता जगभर वापरलं जातं, आणि ते आपल्या बोटावरच आहे.

तर्जनी समोर धरा. टोकापासून पहिल्या वळीपर्यंतचं पेर पाहा. नेहमीच्या ट्यूबमधून, म्हणजे जिचं तोंड साधारण ५ मिलिमीटर रुंद असतं, या पेरावर एक सरळ रेघ ओढा. मोठ्या माणसाच्या बोटावर ते सुमारे अर्धा ग्रॅम औषध होतं. एवढं औषध दोन तळहातांइतक्या जागेला पुरतं. तळहात म्हणजे बोटं जुळवून, बोटांसकट, आणि ज्याला चट्टे आहेत त्याच्या स्वतःच्या हाताचा.

आता हिशेब करू. समजा एका बाईंच्या दोन्ही गुडघ्यांवर एकेका तळहाताएवढे चट्टे आहेत आणि दोन्ही कोपरांवर अर्ध्या-अर्ध्या तळहाताएवढे. एकूण तीन तळहात. म्हणजे एका वेळेला दीड पेर, पाऊण ग्रॅम. दिवसातून दोनदा लावायचं असेल तर रोज दीड ग्रॅम. १५ ग्रॅमची ट्यूब बरोबर १० दिवसांत संपली पाहिजे.

ती जर तीन महिने पुरली असेल, तर बाईंनी जेवढं लावायला हवं होतं त्याच्या नवव्या हिश्श्याएवढंच लावलं. औषध ‘लागू पडत नाही’ असं वाटणाऱ्यांपैकी पुष्कळांची गोष्ट इथेच उलगडते. उलटही होतं. तेवढ्याच चट्ट्यांना आठवड्यात तीन ट्यूब लागत असतील तर औषध आसपासच्या निरोगी कातडीवरही जातंय, आणि स्टेरॉइडचं नुकसान आधी तिथेच होतं.

एक तळहात म्हणजे शरीराच्या पृष्ठभागाचा साधारण १ टक्का, हेही लक्षात ठेवा. पुढे त्याचं काम पडेल.

लावताना रगडायचं नाही. पेरावरचं औषध चट्ट्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी ठेवायचं आणि केसांच्या दिशेने हलकेच पसरायचं. हात मग धुवायचे, चट्टे हातावरच असतील तर सोडून. डोक्यात लावताना भांग पाडत पाडत औषध कातडीपर्यंत न्यायचं. केसांना लावलेलं लोशन वाया जातं.

४. अंगाची कातडी सगळीकडे सारखी नसते

१९६७ साली अमेरिकेत फेल्डमन आणि माइबाख यांनी हायड्रोकॉर्टिसोन अंगाच्या निरनिराळ्या भागांवर लावून ते किती आत शिरतं ते मोजलं. हाताच्या कोपरापुढच्या भागात जेवढं शिरलं त्याला १ मानलं, तर कपाळातून ६ पट आणि अंडकोशाच्या कातडीतून ४२ पट औषध आत गेलं. तळपायातून मात्र सातव्या हिश्श्याएवढंच.

एका घरात एकच ट्यूब ‘सगळीकडे’ वापरण्याचा धोका या आकड्यांत आहे. तळपायाच्या जाड चट्ट्याला जे औषध जेमतेम पुरेल तेच जांघेत लावलं तर काही आठवड्यांत कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, ताणल्यासारख्या रेघा उमटतात. त्या रेघा पुढे फिकट होतात, जात नाहीत.

म्हणून चेहरा, काख, स्तनांखालची घडी, जांघ आणि गुप्तांग इथे सौम्य स्टेरॉइड आणि तेही थोडे दिवस, किंवा टॅक्रोलिमससारखं स्टेरॉइड नसलेलं मलम दिलं जातं. टॅक्रोलिमसने पहिले काही दिवस चुरचुरतं, पण कातडी पातळ होत नाही. घड्यांमधल्या सोरायसिसला पापुद्रे नसतात, तो नुसता गुळगुळीत लालसर दिसतो आणि हमखास नायटा समजला जातो.

नायट्याचा विषय निघालाच आहे तर आपल्याकडच्या एका दुखण्याविषयी बोलायला हवं. मेडिकलच्या काउंटरवर ‘खाजेची ट्यूब द्या’ म्हटलं की स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक अशी तीन औषधं एकत्र घातलेली क्रीम सहज हातात पडते. नायट्यावर ती लावली की स्टेरॉइडमुळे खाज दोन दिवसांत थांबते, आणि बुरशी खुशाल पसरत राहते. सोरायसिसवर लावली तर दोन औषधं फुकट आणि तिसरं बिनहिशेबी. केंद्र सरकारने २०१८ साली बाहेरून लावायची १४ स्टेरॉइडं चिठ्ठीशिवाय न विकायच्या यादीत घातली. नियम झाला, सवय मोडलेली नाही.

तळहात-तळपायांसाठी डॉक्टर कधी रात्री मलम लावून वर प्लॅस्टिक गुंडाळायला किंवा सुती मोजे घालायला सांगतात. झाकल्याने औषध कितीतरी पटीने आत जातं. हा उपाय सांगितला असेल तरच करायचा. आपल्या मनाने केला की मागची सगळी गणितं कोलमडतात.

५. थांबायचं कधी, आणि कसं?

चौथ्या दिवशी खाज थांबते. पापुद्रे कमी होतात. ट्यूब कपाटात जाते. ही पहिली चूक. खाज आधी जाते, जाडी नंतर, रंग सगळ्यात शेवटी. थांबायचं की नाही हे डोळ्यांनी ठरवू नका, बोटांनी ठरवा. डोळे मिटून चट्ट्यावरून आणि शेजारच्या कातडीवरून बोट फिरवा. कडा लागत असेल तर काम बाकी आहे. कडा लागत नसेल, सगळं सपाट असेल, पण काळा किंवा पांढरा डाग दिसत असेल, तर तो मागे राहिलेला रंग आहे. सावळ्या कातडीत तो जायला महिने लागतात. त्याला स्टेरॉइड चोळत राहिल्याने तो लवकर जात नाही, कातडी मात्र खराब होते. ही दुसरी चूक, आणि आपल्याकडे ती फार होते.

अतितीव्र स्टेरॉइड सलग २ ते ४ आठवड्यांच्या वर आणि आठवड्याला ५० ग्रॅमच्या वर वापरायचं नाही, हा सर्वसाधारण दंडक. मोठ्या भागावर खूप दिवस लावलं तर ते रक्तात उतरतं आणि शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल तयार करण्यात ढिलाई करू लागतं. चट्टे सपाट झाले की डॉक्टर सहसा एकदम बंद न करता दिवसाआड, मग आठवड्यातून दोनच दिवस, असं उतरवत आणतात. शनिवार-रविवार जुन्या जागांवर लावायचं आणि बाकीचे पाच दिवस स्टेरॉइड नसलेलं मलम, ही पद्धत रुळलेली आहे. मुक्कामी टी-पेशींवर एवढा पहारा बऱ्याचदा पुरतो. सुरुवातीच्या प्रश्नाचं उरलेलं अर्धं उत्तर हे आहे. चट्टे गेले म्हणजे औषध संपलं असं नाही, त्याचं प्रमाण बदललं.

अचानक थांबवण्याचा खरा धोका पोटात घेतलेल्या किंवा इंजेक्शनने टोचलेल्या स्टेरॉइडचा, आणि अंगभर महिनोन्‌महिने चोळलेल्या तीव्र मलमाचा. ते एकदम तोडलं तर कधी अंगभर पूने भरलेल्या पुटकुळ्या उठतात, कधी सगळी कातडी लाल होऊन सोलवटते, थंडी वाजते, ताप येतो. ही दवाखान्यात दाखल व्हायची वेळ. नाव-गाव नसलेल्या पुड्यांत आणि गोळ्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडल्याची उदाहरणं आहेत. ‘पुडीने आठ दिवसांत साफ झालं होतं, पुडी संपली आणि अंगभर उसळलं’ ही तक्रार ऐकली की त्वचारोगतज्ज्ञ आधी हाच संशय घेतात.

६. स्टेरॉइड नसलेली मलमं, आणि गोव्याची पूड

१९८५ साली जपानमध्ये ओसाकाच्या डॉक्टरांनी एका रुग्णाची हकिगत प्रसिद्ध केली. हाडं ठिसूळ झाली म्हणून त्याला ड जीवनसत्त्वाचा एक प्रकार पोटातून दिला जात होता. हाडांचं काय झालं ते बाजूला राहिलं, त्याचा सोरायसिस निवळला. त्या वाटेने पुढे कॅल्सिपोट्रिऑल हे मलम आलं. ते पेशींना पुऱ्या पक्व व्हायला लावतं. परिणाम दिसायला ६ ते ८ आठवडे लागतात, म्हणून ‘काही होत नाही’ म्हणत लोक ते मधेच सोडतात. पण ते दीर्घकाळ चालतं आणि कातडी पातळ करत नाही. त्यात बीटामेथासोन हे स्टेरॉइड मिसळलेलं मलमही मिळतं, आणि ती जोडी दोघांच्या एकेकट्या कामापेक्षा सरस ठरते. पथ्यं दोन. मोठ्या माणसाने आठवड्याला १०० ग्रॅमच्या वर वापरायचं नाही, नाहीतर रक्तातलं कॅल्शियम वाढतं. आणि सॅलिसिलिक आम्लाच्या मलमाबरोबर एकाच जागी लावायचं नाही, कारण त्या आम्लाने ते निकामी होतं.

सॅलिसिलिक आम्लाचं काम वेगळं. ते पापुद्रे सैल करतं, म्हणजे बाकीच्या औषधाला खाली वाट मिळते. जाड पापुद्र्यावर कितीही महागडं मलम लावलं तरी ते पापुद्र्याबरोबर झडून जातं.

डांबर हे जुनं औषध. दगडी कोळशापासून निघणारं काळं, उग्र वासाचं. अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या गोकरमन यांनी १९२५ साली डांबर आणि अतिनील किरण यांची जोड लावली आणि ती अनेक दशकं चालली. आज ते मुख्यतः डोक्याच्या शाम्पूत उरलं आहे.

आणि आता एक कहाणी, जिचा पत्ता थेट गोव्यात निघतो. एकोणिसाव्या शतकात मुंबईत आणि गोव्यात नायट्यावर एक पिवळसर पूड वापरली जायची. इंग्रज तिला गोव्याची पूड म्हणत. ती गोव्यात पिकत नव्हती. ब्राझीलच्या बाहिया भागातल्या अरारोबा नावाच्या झाडाच्या खोडातल्या पोकळ्यांत ती साठते, आणि पोर्तुगीज व्यापाराच्या वाटेने ती गोव्याला पोचली होती. १८७०च्या दशकात लंडनचे त्वचारोगतज्ज्ञ बालमॅनो स्क्वायर यांच्या एका रुग्णाने आपला सोरायसिस नायटा समजून तिच्यावर भरवसा ठेवला, आणि चट्टे गेले. चुकीच्या निदानावर बरोबर औषध लागलं. स्क्वायर यांनी ते उचलून धरलं. पुढे पहिल्या महायुद्धात ब्राझीलहून जर्मनीला जाणारा माल तुटला, तेव्हा जर्मनांनी १९१६ साली तिच्यासारखंच द्रव्य प्रयोगशाळेत बनवलं. तेच डिथ्रॅनॉल. ते चालतं चांगलं, पण निरोगी कातडीला भाजतं आणि कपडे, चादरी, मोरीची फरशी जांभळट-तपकिरी करून सोडतं. अर्धा तास लावून धुऊन टाकायची पद्धत निघाली तरी ते मागेच पडलं. औषध किती गुणकारी आहे यावर सगळं ठरत नाही, चादर कोण धुणार यावरही ठरतं.

अलीकडची भर म्हणजे टॅपिनारॉफ आणि रोफ्लुमिलास्ट या दोन क्रीम, दोन्हींना अमेरिकेत २०२२ साली मान्यता मिळाली. दोन्हींत स्टेरॉइड नाही.

७. साधं तेल, साधी जेली

पेट्रोलियम जेली, लिक्विड पॅराफिन, युरियाचं मलम, किंवा घरचं खोबरेल. यात औषध असं काही नाही, तरी मी याला चिठ्ठीतली पहिली ओळ मानतो. ओलावा टिकला की भेगा पडत नाहीत, खाज कमी होते, खाज कमी झाली की खाजवणं कमी होतं. आणि खाजवण्याला इथे फार किंमत मोजावी लागते. ब्रेस्लाऊचे हाइनरिख कोब्नर यांनी १८७०च्या दशकात दाखवलं की सोरायसिसच्या माणसाला जिथे ओरखडा, भाजणं किंवा घासणं होतं तिथे नवा चट्टा उठू शकतो. त्यामुळे वज्रीने पापुद्रे घासून काढणं, कडुलिंबाचा पाला रगडणं, लसूण किंवा चुना लावणं यातलं काहीही औषध नाही, नव्या चट्ट्याला आमंत्रण आहे.

आंघोळ कोमट पाण्याने, थोडक्यात. अंग टिपून, ओलसर असतानाच तेल किंवा जेली. औषधी मलम आणि हे यांत अर्धा तास अंतर ठेवा म्हणजे औषध पातळ होऊन पसरत नाही. थंडीत हे दिवसातून तीनदा करावं लागलं तरी करा. विदर्भातल्या कोरड्या जानेवारीत एकदा लावून भागत नाही.

एक इशारा स्वयंपाकघरासाठी. पॅराफिनची मलमं कपड्यांत मुरतात आणि असं कापड झपाट्याने पेट घेतं. ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनी २०१८ साली याविषयी जाहीर सूचना दिली. मलम लावून लगेच गॅसपाशी उभं राहू नका. विडी-सिगारेट ओढत असाल तर अंगावरचे आणि अंथरुणातले कपडे वरचेवर धुवा. ती सोडलीत तर आणखी बरं, धूम्रपानाने सोरायसिसही बळावतो.

८. क्रीमचं काम कुठे संपतं?

तळहाताचं माप आता पुन्हा काढा. चट्टे दहा तळहातांच्या पुढे गेले, म्हणजे अंगाच्या १० टक्क्यांहून जास्त, तर नुसत्या मलमावर रेटणं व्यवहार्य नाही. रोज पाच पेरं, दोनदा, वर्षभर, पाठीवर दुसऱ्या कुणाच्या हाताने. इथे अतिनील किरणांचे उपचार, गोळ्या किंवा इंजेक्शनं यांचा विचार व्हायला हवा. चट्टे थोडे असले तरी ते चेहऱ्यावर, गुप्तांगावर किंवा तळहातावर असतील आणि जगणं अवघड करत असतील, तरीही.

नखांत खड्डे पडणं, नख उचलून येणं यावर क्रीम फारशी चालत नाही. सकाळी उठल्यावर बोटं किंवा कंबर अर्धा-पाऊण तास आखडलेली राहणं, एखादं बोट सुजून फुगणं ही सोरायसिसच्या संधिवाताची खूण असू शकते. सांधे एकदा झिजले की परत येत नाहीत आणि कुठलंही मलम तिथवर पोचत नाही. घसा दुखून ताप आला आणि दोन-तीन आठवड्यांत अंगभर थेंबांसारखे चट्टे उठले, किंवा लिथियम, मलेरियाची क्लोरोक्विन, रक्तदाबाची काही औषधं सुरू केल्यावर आजार वाढला, तर तेही सांगायला हवं. गर्भवती असाल किंवा दिवस जायची शक्यता असेल तर प्रत्येक मलमाचं नाव आधी दाखवून घ्या.

त्वचारोगतज्ज्ञांकडे जाताना आजवर वापरलेल्या सगळ्या ट्यूब, रिकाम्या असल्या तरी, एका पिशवीत घालून न्या. शेजारणीने दिलेली, मेडिकलमधून मागून आणलेली, पुडीवाल्याची, आयुर्वेदिक, सगळ्या. लपवू नका. कोणती, कुठे, किती दिवसांत संपली एवढं प्रत्येकीवर पेनाने लिहा. नवी चिठ्ठी हातात पडली की दोन गोष्टी विचारून, त्यावरच लिहून घ्या: एका वेळेला किती पेरं, आणि पुन्हा दाखवायला कधी यायचं.